सत्यवतीबाईंचा तिथीवरचा वर्ग

मुरुडात येऊन सत्यवती दिवेकर कुठं राहतात म्हणून विचाराल तर लोक डोकं खाजवतील. ‘बाई’ म्हणा, थेट दारापर्यंत आणून सोडतील. गावात बायका हजारोंनी आहेत, पण बाई एकच. चौतीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवलं. अजूनही बाई बाजारात मासळीच्या टोपलीपुढं उभ्या दिसल्या की पन्नाशीचे बाप्ये रस्ता बदलतात. न जाणो, सत्तेचाळीसचा वर्ग विचारला तर!

त्यांचं लग्न का झालं नाही याच्या गावात तीन कथा आहेत. मला पटते ती अशी. रोह्याहून स्थळ आलं होतं. मुलाचा मामा म्हणाला, मुलगा एकोणतीसचा. पुढं गप्पांच्या भरात मुलगा म्हणाला, मला मॅट्रिक होऊन अठरा वर्षं झाली. हातात पोह्यांचा ट्रे तसाच धरून बाई म्हणाल्या, ‘म्हणजे तुम्ही अकराव्या वर्षी मॅट्रिक झालात?’ पोहे तेवढे संपले, बाकी सगळं रोह्याला परत गेलं. ही गोष्ट खरी का म्हणून मी एकदा बाईंनाच विचारलं. ‘साफ खोटी,’ त्या म्हणाल्या. ‘अठरा नव्हे, सतरा.’

तर अशा बाईंना गेल्या वर्षी पनवेलच्या एका संस्थेनं गाठलं. संस्थेचं नाव सांगत नाही; सांगितलं तर त्यांचा माणूस माझ्याकडेही फॉर्म घेऊन येईल. शाळा अर्धवट सुटलेल्या बायकांना बाहेरून दहावीला बसवायचं, सतरा नंबरचा फॉर्म भरून, आणि शिकवायचं फोनवर. बाईंना नऊ जणी मिळाल्या. सात कोळणी, दोन मोहल्ल्यातल्या. एक एकदऱ्याला, दुसरी राजपुरीला, तिसरी पार आगरदांड्याला. त्यांना रोज एका जागी गोळा करायचं तर निम्मा दिवस एसटीची वाट बघण्यात जाणार, म्हणून फोन. वेळ ठरली चार ते पाच.

फोनवर शिकवणं बाईंना नवं नव्हतं. टाळेबंदीत त्यांनी निवृत्तीआधीची शेवटची वर्षं तशीच काढली होती. पहिले चार दिवस मुलांनी बाईंच्या घरचा पंखा पाहिला. पाचव्या दिवशी एकानं लिहिलं, ‘बाई, पंख्यावर धूळ आहे.’ बाईंनी आधी पंखा पुसला, मग फोन सरळ केला. पण तेव्हापासून त्यांनी त्या यंत्राची घडी आपल्या पद्धतीनं बसवली. स्टीलचे दोन डबे, त्यांच्यावर आडवा फोन, खाली वही. समोरच्यांना बाईंचा चेहरा दिसतच नाही, फक्त हात आणि पेन. ‘माझ्या तोंडात काय बघायचंय? वही बघा.’ स्वतः बोलायचं दहा मिनिटं, घड्याळ लावून. मग एक गणित द्यायचं आणि गप्प बसायचं. नऊही जणींचा आवाज चालू. कोंबड्या, कुकरच्या शिट्या, कुणाच्या तरी सासूचा खोकला. गणित झालं की प्रत्येकीनं वही फोनपुढं धरायची. चुकलेलंच आधी धरायचं.

आणि सगळ्यात वाईट सवय पुढंच. ‘समजलं का?’ म्हणून बाई विचारतात. समोरची ‘हो’ म्हणाली की तिची सुटका नाही.

‘समजलं ना? मग आता मला शिकव.’

‘बाई, तुमाला काय शिकवू?’

‘मी आजच शाळेत आलेय असं समज. अगदी ढ आहे. चल.’

मग ती बिचारी बाईंना शिकवते आणि बाई मुद्दाम चुकतात. यात एकेकीचा घाम निघतो. पण मी शेजारी, बाईंच्या ओटीवर चहा पीत हे ऐकत असे, आणि खरं सांगतो, माझं शाळेत न समजलेलं लघुत्तम साधारण विभाज्य मला सत्तरीत समजलं.

डिसेंबरात पनवेलहून पत्र आलं, आणि तिथून सगळा वैताग सुरू झाला. पत्रात लिहिलं होतं की या वर्गाची हजेरी पंचावन्न टक्के आहे, गुणवत्तेचे गुण शंभरात अठ्ठावीस. जानेवारीअखेर हजेरी पंचाहत्तरवर गेली नाही तर वर्ग बंद, आणि विद्यार्थिनींना ध्वनिचित्रफिती पाठवल्या जातील, त्या त्यांनी सवडीनं पाहाव्यात. परीक्षा मार्चात. म्हणजे ऐन परीक्षेच्या तोंडावर या नऊ जणींच्या हातात फिती द्यायच्या, ज्यांना उलटा प्रश्न विचारता येत नाही आणि ज्या ‘मग मला शिकव’ म्हणत नाहीत.

‘एकसुद्धा पास होणार नाही,’ बाई म्हणाल्या. ‘एकसुद्धा.’

अठ्ठावीस गुण कसे आले ते कळायला बाईंनी हर्षदला फोन लावला. हर्षद म्हणजे संस्थेचा गुणवत्ता समन्वयक. वय अठ्ठावीस, शर्टाच्या खिशाला ओळखपत्र, आवाज गुळगुळीत. वर्गाचं रेकॉर्डिंग पनवेलला बसून बघायचं आणि बेचाळीस प्रश्नांचा फॉर्म भरायचा हे त्याचं काम. बाईंनी फोन स्पीकरवर ठेवला, म्हणून मला सगळं जसंच्या तसं मिळालं.

‘मॅडम, प्रश्न सातवा, शिक्षिकेचा चेहरा प्रसन्न आहे का. तुमचा चेहराच दिसत नाही, म्हणून शून्य.’

‘दिसला असता तरी शून्यच पडलं असतं. पुढं?’

‘स्लाइड नाहीत. गाणं नाही. खेळ नाही. आणि मॅडम, तुमच्या सत्रात अकरा-अकरा मिनिटं कुणीच बोलत नाही. सिस्टीम म्हणते नेटवर्क गेलं.’

‘गणित करताहेत त्या.’

‘हो, पण सहभाग शून्य दिसतो ना.’

‘तुम्ही गणित करताना बडबडता का हो?’

‘मॅडम, मी कॉमर्सचा...’

‘वाटलंच मला.’

शेवटी तो म्हणाला की गुणांचं एक वेळ बघू, पण हजेरीचं काही करता येणार नाही. विद्यार्थिनींमध्ये प्रेरणेचा अभाव दिसतो. रोज येणारीला पडद्यावर चांदणी द्या, पाच चांदण्यांना एक मुकुट.

‘मुकुट!’ फोन ठेवल्यावर बाई कितीतरी वेळ नुसतं ‘मुकुट, मुकुट’ करत घरात फिरत होत्या. मी म्हटलं, वर्गातल्या रंगूला शोभेल. तर माझा चहा बंद झाला दोन दिवस.

पण हजेरीचं दुखणं खोटं नव्हतं. एखाद्या दिवशी नऊच्या नऊ हजर, डोळ्यांत तेल घालून. आणि मग सलग पाच-सहा दिवस फक्त मोहल्ल्यातल्या दोघी. कोळणी गायब. त्यात रंगू पहिली. रंगू राजपुरीची, वय चौतीस, वर्गातली सगळ्यात हुशार आणि अपूर्णांकांत सगळ्यात कच्ची. तिला दहावी हवी होती ती मासेमारी सोसायटीच्या बर्फाच्या कारखान्यात नोंदी ठेवायच्या जागेसाठी. बाईंनी तिला फोनवर असं झाडलं की शेजारच्या वाडीतला कुत्रा उठून गेला.

‘तुला दहावी हवीय का नकोय, रंगू?’

‘हवी हाय, बाई.’

‘मग काल कुठं होतीस? परवा कुठं होतीस?’

‘बाई, कामाला.’

‘काम सगळ्या जगाला असतं! चार वाजताची वेळ तुम्हीच मान्य केलीत ना?’

‘व्हय, बाई.’

यापुढं रंगू बोलली नाही. आणि बाईंनीही पुढं विचारलं नाही. कसलं काम, कुठं, किती वाजता, काही नाही. मी बाईंचा चाहता आहे, पण हे त्यांचं चुकलंच. ज्या बाई गणितातली पायरी गाळली तर वही फेकून देतात, त्यांनी इथं सरळ उत्तर लिहून टाकलं: आळशी.

याचा उलगडा झाला तो बाईंच्या उपासामुळं. बाई संकष्टी कडक करतात, आणि संकष्टीला त्यांचं डोकं दुपारपासून फिरलेलं असतं. जानेवारीतल्या संकष्टीला वर्ग आटोपून त्या ओटीवर आल्या आणि माझ्यावरच उखडल्या. ‘बघा कशा आहेत! मी उपाशी असते, बोलायचं त्राण नसतं, आणि नेमक्या त्याच दिवशी नऊच्या नऊ हजर! मागच्या संकष्टीलाही तेच. त्याच्या मागच्याही.’

मी म्हटलं, ‘गणपतीची कृपा.’

बाई तडक उठल्या. आत गेल्या, भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यासकट उपटून आणलं, हजेरीची वही उघडली आणि लाल पेनानं गैरहजेरीचे दिवस रंगवायला बसल्या. तारखांकडं बघितलं तर काही सुसंगती नाही. कधी सोमवार, कधी शुक्रवार. पण चौकोनात खाली बारीक अक्षरात तिथी असते ना, तिकडं बघितलं आणि बाईंचा हात थांबला. एकादशी ते प्रतिपदा, लाल. पुढं नऊ दिवस कोरे. पुन्हा एकादशी ते प्रतिपदा, लाल. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, तिन्ही महिने तसंच.

बाई समुद्रापासून दोनशे पावलांवर जन्मल्या; भरती-ओहोटी तिथीवर चालते हे त्यांना सांगायला नको होतं. त्यांनी तिथं तसाच रंगूला फोन लावला.

‘रंगू, तू अमावस्या-पुनवेच्या सुमाराला दुपारची कुठं जातेस?’

‘खाडीत, बाई. कालवं फोडाया. चिखलातल्या तिसऱ्या-शिंपल्या काढाया. तवाच तर पाण्याखालचं खडप उघडं पडतंय.’ मग तिनंच विचारलं, ‘बाई, तुमाला ठावं न्हाय?’

‘मला सांगितलं नाहीस ते?’

‘सुकती कवा लागते ते मुरुडात कुणी कुणाला सांगतं का? मना वाटलं तुमाला ठावं हाय, तरी तुमी ओरडताव.’

बाईंचा चेहरा तेव्हा दिसला असता तर हर्षदनं सातव्या प्रश्नाला आणखी काय दिलं असतं कुणास ठाऊक. पण त्या सावरल्या. ‘आणि तुला सुकती कधी हे कसं कळतं? रोज जाऊन बघतेस?’

‘बघाया कशाला जायाचं? तिथीची पाऊणपट करायची. चवथीला तीन वाजता भरती. आठमीला सहा. बारशीला नऊ. भरतीपास्न सहा तासांनी सुकती. म्हंजे बारशीला तीन वाजता खडप उघडं.’

‘अकराची पाऊणपट?’

‘सव्वाआठ.’ प्रश्न संपायच्या आत उत्तर.

बाईंनी फोन मांडीवर ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. ‘तीन आठवडे,’ त्या म्हणाल्या, ‘तीन आठवडे मी हिला तीन छेद चार शिकवतेय.’

दुसऱ्या दिवसापासून बाईंनी वर्गाची वेळ तिथीवर नेली. एकादशी ते प्रतिपदा, सकाळी दहाला. खाडीत पाणी, बायका घरी. एरवी दुपारी चारला. मोहल्ल्यातल्या जुलेखाला विचारलं, तुला चालेल ना? ती म्हणाली, ‘मला केव्हाही चालेल, बाई. शिलाई मशीन काय ओहोटीला जात नाही.’ आणि अपूर्णांक त्या दिवशी पहिल्यापासून पुन्हा, भरतीपासून. तिथी कुठल्याही द्या, उत्तरं धडाधड. मग त्याच अपूर्णांकांना बाईंनी हळूच पुस्तकातले कपडे घातले. वहीतली हजेरी पंधरवड्यात शंभराला चार कमी.

मला वाटलं, गोष्ट संपली. पण पनवेलला तिथी नव्हती.

‘मॅडम, सिस्टीममध्ये आठवड्याचं वेळापत्रक असतं. सोमवार चार, मंगळवार चार. तुम्ही दहाला घेतलेलं सत्र अनियोजित दाखवतं. त्याची हजेरी धरत नाहीत.’

‘नऊ बायका समोर आहेत, त्यांची हजेरी धरत नाही?’

‘आणि चारला कुणी नसतं ना, मॅडम. त्यामुळं तुमची आता बेचाळीसवर आलीय.’

‘म्हणजे शिकल्या तर बेचाळीस आणि नाही शिकल्या तर पंचावन्न!’

‘मॅडम, तिथीचा कॉलमच नाही हो.’

बाईंनी तीन पत्रं लिहिली. तिन्हींना यंत्राचं एकच उत्तर आलं: आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. शेवटी जानेवारीच्या अखेरीला हर्षद स्वतः तपासणीला येणार असं ठरलं. आला तो दिवस चतुर्दशीचा, वेळ चारची. बाईंनी आधी कळवलं होतं की दहाला या. पण त्याच्या कागदावर चार होते.

साडेतीनला पांढऱ्या गाडीतून हर्षद उतरला. राजपुरीच्या बाजूला बाईंच्या भाचीचं घर आहे, खाडीच्या काठाला. बाईंनी मुद्दाम तिथंच बोलावलं होतं. बाई नको म्हणाल्या तरी मीही गेलो. चार वाजता हर्षदनं टॅबलेट उघडला. जुलेखा आणि तिची मैत्रीण, दोघी हजर. बाकी सात चौकोन काळे. सव्वाचार. साडेचार. हर्षदनं खेदानं मान हलवत ‘हजेरी’च्या रकान्यात काहीतरी भरलं.

‘मॅडम, मला वाईट वाटतं. पण आता वर्ग चालू ठेवा असं मी कुठल्या तोंडानं लिहू?’

बाई उठल्या. ‘चला,’ म्हणाल्या.

‘कुठं?’

‘बाकीची हजेरी घ्यायला.’

पायातल्या पांढऱ्या बुटांसकट त्याला बाईंनी खाडीत उतरवला. पाणी पार आत गेलेलं, काळी खडपं उघडी, आणि त्यावर साती जणी कोयत्या घेऊन बसलेल्या. बाईंना बघून सगळ्या उठल्या, जशा वर्गात उठतात. हर्षदचा एक पाय घोट्यापर्यंत चिखलात.

‘आज तुमचा वर्ग झाला का?’ त्यानं रंगूला विचारलं, टॅबलेट छातीशी धरून.

‘दहाला झाला की. वर्तुळ शिकवलं.’ रंगूनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळला. ‘सायेब, ती पांढरी गाडी तुमची?’

‘हो.’

‘वाळूवर लावलीसा?’

‘मोकळी जागा होती ना. एवढी मोठी जागा आणि एकही गाडी नाही.’

साती जणी हसल्या. एक तर कोयती खाली ठेवून हसली.

‘सायेब, आज तिथी कुठली?’ रंगू.

‘मला... माहीत नाही.’

‘चवदस. चौदाची पाऊणपट किती?’

हर्षदनं टॅबलेटवर आकडेमोड उघडली. चिखलाचं बोट, पडदा ऐकेना. ‘तुम्हीच सांगा ना,’ तो म्हणाला.

‘मी कशाला सांगू? चौदाचे अर्धे किती?’

‘सात.’

‘त्या साताचे अर्धे?’

‘साडेतीन. म्हणजे... साडेदहा.’

‘साडेधाला भरती. मग सुकती कवा?’

‘साडेचार.’

‘आता किती वाजले?’

पाच वाजायला दहा मिनिटं होती. हर्षदनं मागं वळून पाण्याकडं बघितलं. मघाशी लांब चमकणारी पाण्याची रेघ आता तितकीशी लांब नव्हती. तो धावायला निघाला, तर रंगूनं कोयती आडवी धरली.

‘घाई नगं, येळ हाय. समजलं का?’

‘हो हो, समजलं!’

‘मग आता मना शिकवा.’

‘काय?’

‘मी आजच पनवेलहून आले असं समजा. अगदी ढ हाय. उद्या पुनव. गाडी वाळूवर किती वाजेपर्यंत ठेवू?’

बाई बाजूला तोंड करून उभ्या होत्या. खांदे हलत होते. आणि हर्षदनं शिकवलं! एक पाय चिखलात, एक खडपावर, पंधराची पाऊणपट, सव्वाअकरा, सहा तास, सव्वापाच. मध्ये रंगू मुद्दाम चुकली. म्हणाली, ‘म्हंजे सव्वापाचपास्नं पाणी उतरणार?’ तो ओरडला, ‘नाही, चढणार! सव्वापाचला फिरणार!’

‘बरोबर,’ रंगू म्हणाली. ‘चला गं, सायबाची गाडी ढकला.’

मागचं चाक वाळूत रुतलं होतं. साती जणी, हर्षद आणि भाचीचा नवरा अशांनी गाडी डांबरावर आणली. मी सूचना केल्या.

हात धुवून हर्षद भाचीच्या ओटीवर बसला आणि त्यानं तो फॉर्म पुन्हा उघडला. मग बाईंना म्हणाला, ‘मॅडम, एकतिसावा प्रश्न आहे, शिकलेलं दुसऱ्याला समजावून सांगता येतं का. मी गेल्या दोन वर्षांत कुणालाच यात पूर्ण गुण दिले नव्हते.’

‘का?’

‘रेकॉर्डिंगमध्ये ते कधी दिसलंच नाही.’

तिथीचा कॉलम त्यालाही काढता आला नाही. पण त्यानं बाईंची हजेरीची वही पानापानानं टॅबलेटवर टिपून घेतली, लाल पेनाचं कॅलेंडरही घेतलं, आणि वरच्यांना लिहिलं की या वर्गाची चूक वेळापत्रकात आहे, वर्गात नाही. आठवड्यानं उत्तर आलं. वर्ग मार्चअखेरपर्यंत चालू ठेवण्यास विशेष मंजुरी. बाई चष्मा पुसत होत्या, म्हणून दुसरं पान मी वाचून दाखवलं. अशा विशेष वर्गासाठी दर आठवड्याला वेगळा फॉर्म. प्रश्न चौऱ्याऐंशी.

‘दुप्पट,’ बाई म्हणाल्या आणि पुढचा अर्धा तास पनवेलच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पण फॉर्म भरतात. दर शनिवारी, मला समोर बसवून, दात-ओठ खात. सातव्या प्रश्नाला स्वतःच्या हातानं शून्य घालतात.

परवा बोर्डाचं वेळापत्रक आलं. बाईंनी वर्गात वाचून दाखवलं. मी नेहमीच्या जागी चहा पीत होतो. गणित भाग दोन, अकरा ते एक. पलीकडं कुणाच्या तरी घरात कॅलेंडरचं पान उलटल्याचा आवाज आला.

‘बारस हाय, बाई,’ रंगू म्हणाली. ‘सुकती तीनला. पेपर देऊन पोचते मी खाडीत.’

‘पोचशील. पण एक वाजायच्या आधी वर्गातून उठलीस तर याद राख.’

‘आणि आधी सोडवून झाला तर?’

‘तर पुन्हा तपास. भूमितीचा पेपर आहे तो, भरभर वेचून उठायला तिसऱ्या नव्हेत.’